रेवणअण्णांचा राग

रेवणअण्णा गेल्यापासून लोक त्यांच्याविषयी फार गोड बोलायला लागलेत. शांत माणूस होता, देवमाणूस होता, कुणाला कधी दुखावलं नाही. मैंदर्गीला त्यांच्या पुतण्याच्या घरासमोरच्या मांडवात मी हे तीन वेळा ऐकलं आणि तिन्ही वेळा उठून बाहेर गेले. अण्णा शांत नव्हते. अकरा वर्षं मी त्यांच्या स्टुडिओत कॉम्प्युटरवर काम केलं, आणि त्या अकरा वर्षांत एक आठवडा असा गेला नसेल की त्यांनी कुणाला दुकानाबाहेर काढलं नाही. चिडका माणूस मेला की त्याला शांत करून टाकायची लोकांना घाई असते. मला त्याचीच चीड येते, म्हणून हे लिहायला बसलेय.

स्टुडिओ सोलापुरात कन्ना चौकाच्या मागच्या बोळात. पुढं काचेचं शोकेस, आत एक स्टूल, एक निळा पडदा आणि अण्णा. उंच, सावळे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. पहिल्या दिवशी ते मला "ये तंगी, बस" म्हणाले तेव्हा मला वाटलं, माझ्या परिस्थितीवर बोलतायत. नवरा ज्या यंत्रमागावर होता तो नुकताच बंद पडला होता आणि ते त्यांना माहीत होतं. आम्ही घरी तेलुगू बोलणारे. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण, हे मला दोन दिवसांनी कळलं.

त्याच आठवड्यात सांगोल्याकडचे तिघे भाऊ आले. आई वारली होती आणि दहाव्याला ठेवायला मोठा फोटो हवा होता. थोरल्यानं खिशातून आईचं मतदान कार्ड काढलं. त्यावर नखाएवढा चेहरा, डोक्यावरून पदर, फ्लॅशनं दिपलेले डोळे. अण्णांनी विचारलं, दुसरा फोटो? नव्हता. तुमच्या लग्नातला? लग्नात आई चुलीपाशी होती. अण्णांनी थोरल्याचा मोबाइल मागून घेतला आणि बोटानं एकेक फोटो सरकवत गेले. तिघे उभे, मी खुर्चीत.

"मोटारसायकलीचे चाळीस फोटो हायत," अण्णा म्हणाले. "आईचा एक न्हाय. सरकारला तुमच्या आईचं तोंड बघावं वाटलं. तुमाला न्हाय वाटलं व्हय?"

कार्ड परत देऊन त्यांनी तिघांना बाहेर काढलं. गावात ज्याच्या ज्याच्या घरी लग्न झालंय त्याचा अल्बम बघा, आई कुठंतरी मागं उभी असेल, सापडली तर या, नाहीतर येऊ नका, असं पायरीवरून ओरडून सांगितलं. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. चौथ्या दिवशी ते परत आले, कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम घेऊन. पंगतीत वाढणाऱ्या बायकांत आई होती. एका हातात आमटीची बादली, दुसऱ्या हातात पळी, तोंड अर्धं उघडं. भावांचं म्हणणं, बादली काढा, पळी काढा, चांगली काठाची साडी घाला आणि तोंड मिटवा. मी कामाला लागले होते. अण्णांनी स्क्रीनवर हात ठेवला. काही काढायचं नाही म्हणाले. थोरला म्हणाला, लोक हसतील. बरीच वादावादी झाली. मग आतापर्यंत गप्प असलेला धाकटा स्क्रीनजवळ आला, वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "ती 'आजून घे की' म्हनतीया." एवढं बोलून तो बाहेर जाऊन पायरीवर बसला. फोटो पळीसकट गेला.

अण्णांच्या बायकोचा, महादेवीकाकूंचा, दुकानात एकच फोटो होता, आणि तो हललेला होता. चेहऱ्याच्या जागी नुसती एक पांढुरकी ओढ. लग्नानंतर थोड्याच दिवसांत अण्णांनी त्यांना दारात उभं करून फोटो काढला, आणि नेमकं बटण दाबताना आत दूध उतू गेलं म्हणून त्यांनी मान फिरवली. नंतर त्यांनी कधी काढू दिला नाही. मी कामाला लागले त्याआधीच त्या गेल्या होत्या. मला वाटलं, अण्णांना आनंद होईल, म्हणून त्यांच्या वाढदिवसाला मी तो फोटो मोबाइलवरच्या एका अॅपमध्ये घातला. त्यानं नाक दिलं, डोळे दिले, बारीकसं हसू दिलं. छान बाई दिसत होती. मी प्रिंट काढून टेबलावर ठेवली.

अण्णांनी ती उचलली आणि माझ्याकडे बघितलं. ही कोण, म्हणून विचारलं. मी म्हटलं, काकू.

"ही माझी बायको न्हाय. ही तुझ्या मशीनची हाय," ते म्हणाले. "माझी बायको दुधाकडं बघतीय. तुला तितं काय दिसत न्हाय, पण ती तितं हाय. हिच्यात ती कुटं हाय, दाव मला."

प्रिंट फाडली नाही. मला परत दिली आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी तेव्हा घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की या माणसाला माणुसकी नाही. खूप नंतर मला कळलं की माझ्या घरातही माझ्या आईचा फोटो साफसूफ करून लावलेला आहे आणि त्यात कपाळावरची खोक नाही. ती खोक सुटून आलेल्या लाकडी धोट्याच्या माराची होती. वडिलांच्या मागावरची. ती पुसून टाकताना आम्हाला कुणाला काही वाटलं नव्हतं.

रोज सकाळी दुकान उघडल्यावर अण्णा पडद्यामागं बसून पूजा करायचे. डाव्या तळहातावर इष्टलिंग, आणि दहा-पंधरा मिनिटं त्याच्यावर नजर. बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं तरी उठायचे नाहीत. मी एकदा विचारलं होतं की इतका वेळ काय करता. तेव्हा ते खुशीत असावेत. म्हणाले, "आमी पूजेत डोळे मिटत न्हाय. उघड्या डोळ्यानं बघायचं. बघता बघता बघनारा आन् लिंग येकच व्हतंय म्हनत्यात. माझं तितपर्यंत काय जमलं न्हाय. पन फोटो काढताना कवा कवा तसं व्हतं. क्षणभरच. समोरचा मानूस आन् मी, मदी कॅमेरा न्हायच." मग आपण फार बोललो असं वाटून माझ्यावरच खेकसले की कालचे पासपोर्ट फोटो अजून का कापले नाहीत.

आता मायाप्पाचं सांगते, कारण अण्णांचा राग तिथं खरा कळतो, आणि माझंही जे कळायचं ते तिथंच कळतं.

दोन वर्षांपूर्वी अण्णा एका लग्नाच्या फोटोंसाठी स्कूटरवरून सांगोल्याला निघाले होते. मंगळवेढ्याच्या पुढं रस्त्यात मेंढरांचा कळप आडवा आला म्हणून थांबले. मेंढरांमागं मायाप्पा होता. पन्नाशीचा, खांद्यावर कोकरू. अण्णांनी फोटो काढू का विचारलं. तो लाजला. मेंढरांचा काढा म्हणाला. अण्णांनी त्याचाच काढला, नाव आणि वस्ती विचारून घेतली, छापून आणून देतो म्हणाले. संध्याकाळी पाचच्या सुमारास परत येताना त्याच पट्ट्यात गर्दी होती. वाळूचा डंपर कळपात घुसला होता. सात-आठ मेंढरं मेली होती आणि मायाप्पा रस्त्याच्या कडेला पडला होता, जीव गेलेला. ड्रायव्हर पळून गेला होता. लोक मोबाइल वर करून शूटिंग घेत होते, कुणी जवळ जात नव्हतं. अण्णांनी गर्दीत शिरून तीन-चार फोटो काढले. त्यांत मायाप्पा होता, मागं वाळूनं भरलेला डंपर होता आणि डंपरचा नंबर होता. मग त्यांनी स्वतःचा टॉवेल त्याच्या तोंडावर टाकला आणि पोलीस येईपर्यंत तिथं बसून राहिले.

त्याच रात्री त्यांनी दुकानात येऊन दोन्ही फोटो छापले, सकाळचा आणि संध्याकाळचा. दुसऱ्या दिवशी मायाप्पाच्या वस्तीवर गेले. त्याची बायको बायडाबाई. अण्णांनी तिला कोकराचा फोटो दिला. दुसरा पिशवीतच ठेवला होता. बाईनं तो फोटो बराच वेळ बघितला आणि विचारलं, तुमी तितं हुता म्हनं, तवाचाबी हाय का? अण्णा म्हणाले, तो बघू नका. तिच्या नवऱ्याला दवाखान्यातून कापडात गुंडाळून आणलं होतं आणि भावकीनं तिला कापड उघडू दिलं नव्हतं.

"त्येंचं शेवटचं तोंड समद्या रस्त्यानं बघितलं," ती म्हणाली. "म्याच न्हाय बघितलं."

अण्णांनी फोटो दिला. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. ती ओरडली नाही, पडली नाही. पदराचं टोक ओलं करून फोटोतल्या तोंडावरची माती पुसल्यासारखं केलं तिनं, कागदावर, परत परत. "मी चूक केली का न्हाय मला कळंना," अण्णा म्हणाले. त्यांना न कळलेलं काही त्यांनी मला सांगितलं, ते एवढंच.

तिसऱ्या दिवशी तिघेजण फ्लेक्सची ऑर्डर घेऊन आले. आमच्याकडं डिझाइन होई, छपाई बाहेर. भावपूर्ण श्रद्धांजलीचा बोर्ड. अर्ध्या बोर्डावर हात जोडलेले साहेब, म्हणजे तिकडचे पुढारी, शेजारी साहेबांचे मेव्हणे, खाली एका गोलात मायाप्पा. त्या भागात कुणीही सांगितलं असतं की तो डंपर साहेबांच्या मेव्हण्याचा होता. अण्णांनी मजकूर वाचला आणि कागद चुरगाळून त्यांच्याच अंगावर टाकला. ज्याच्या गाडीखाली माणूस मेला त्याचं तोंड मोठं आणि मेलेल्याचं बारकं, असला फोटो या दुकानातून जाणार नाही, इतकंच त्यांनी सांगितलं, पण बोळातल्या सगळ्या दुकानांना ऐकू जाईल असं. जाताना त्यातला एकजण म्हणाला, तुमच्याकडं बाकीचेबी फोटो हायत म्हणं, ते काढून टाका.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौघं आले. शोकेस फोडलं, कॅमेरा घेतला, कॉम्प्युटरची हार्ड डिस्क काढून नेली. अण्णांना भिंतीशी दाबून धरलं होतं. मी तिथंच होते, दोन हातांवर. चौघांतल्या एकाला मी ओळखत होते. तो मुकादम होता. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात माणसं पुरवायचा आणि माझा नवरा त्याच्याच हाताखाली कामाला होता. त्यानं मला धमकी दिली नाही. नुसतं म्हणाला, "वैनी, तुमी आत बसा." मी आत जाऊन बसले.

तासाभरानं हवालदार आले. जबाब लिहून घेताना त्यांनी मला विचारलं, काय बघितलं? मी म्हटलं, मी आत होते, मला काही दिसलं नाही.

अण्णा समोरच उभे होते. मी त्यांच्या ओरडण्याची वाट बघत राहिले. पोलीस गेले, शेजारचे गेले. त्यांनी झाडू घेतला आणि काचा गोळा करायला लागले. मी सुपली धरायला पुढं झाले तर म्हणाले, "घरी जा, हात कापंल." आवाज अगदी साधा. अकरा वर्षांत त्यांनी जगातल्या सगळ्यांवर राग काढला, आणि जिथं काढायला हवा होता तिथं काढला नाही. त्या दिवसापासून ते मला सुनंदाबाई म्हणायला लागले. तंगी पुन्हा कधी म्हणाले नाहीत. मला अजूनही वाटतं, त्यांनी तेव्हा मला दुकानाबाहेर काढायला हवं होतं. त्यांनी नवी हार्ड डिस्क आणली, जुना कॅमेरा दुरुस्त करून घेतला आणि मला पहिल्यासारखंच काम देत राहिले. हे सहन करणं फार जड होतं.

बायडाबाईकडचा फोटो मात्र कुणाला नेता आला नाही. ती तो छातीशी धरून पोलीस ठाण्यात जाऊन बसली. पहिल्या दिवशी तिला हाकललं, दुसऱ्या दिवशी पाणी दिलं, कितव्या दिवशी कोण जाणे तिची तक्रार घेतली. पंचनाम्यात डंपरचा नंबर आलाच नव्हता. फोटोतला नंबर वाचून ड्रायव्हरला पकडलं, आणि पुढं वकिलाच्या मागं लागून तिनं मालकाचंही नाव घालायला लावलं. खटला अजून चालू आहे. आमच्या दुकानाच्या मोडतोडीचा तपास मात्र अण्णांशिवाय साक्षीदार नाही म्हणून थांबला. बायडाबाई एकदा अण्णांना भेटायला आली होती. चहा पिताना तिनं माझ्याकडं बघून सहज विचारलं की तुमीबी तवा हितंच हुता न्हवं? मी माउस हलवत राहिले. अण्णांनीच विषय बदलला.

यंदा उन्हाळ्यात अण्णा पुतण्याकडं मैंदर्गीला गेले होते. जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. पुतण्याचा फोन आला, कॅमेरा घेऊन या, फोटो काढायचा आहे.

लिंगायत घरांत माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. आंघोळ घालून, भस्म लावून, मांडी घालून भिंतीशी बसवतात, हार घालतात, आणि समाधीला नेण्याआधी घरच्यांबरोबर त्याचा फोटो काढतात. मी पोचले तेव्हा अण्णांना ओसरीवर बसवलेलं होतं. बायका कानडीत रडत होत्या. दहा-बारा मोबाइल आधीच वर झाले होते. मी घरच्यांचे फोटो काढले. मग अण्णांचा एकट्याचा काढायचा होता, तेवढ्यात दारात गाडी थांबली. साहेबांच्या नावाची पट्टी लावलेलं मोठं पुष्पचक्र घेऊन दोघं आत आले. त्यातला एक तो मुकादम होता. त्यांनी पुष्पचक्र अण्णांच्या पुढ्यात असं ठेवलं की साहेबांचं नाव दिसावं आणि अण्णा छातीपर्यंत झाकले जावेत. मग मुकादम त्यांच्या शेजारी उभा राहिला, हात जोडले आणि मला म्हणाला, "घ्या, वैनी."

मी कॅमेरा खाली घेतला.

"बाजूला व्हा," मी म्हटलं. त्याला ऐकू आलं नाही असं वाटून मी परत म्हटलं, आणि या वेळी सगळ्या ओसरीला ऐकू गेलं. "तुम्ही चौघांनी यांचं दुकान फोडलं. यांना भिंतीला दाबून धरलं. मी बघितलंय. तेव्हा मी आत नव्हते, दोन हातांवर होते."

रडणं थांबलं. पुतण्या पुढं आला आणि पुष्पचक्र उचलून अंगणात नेऊन ठेवलं. मुकादम काहीतरी पुटपुटला, माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं, आणि निघून गेला.

पुढचं इथंच सांगून टाकते. दोन दिवसांत नवऱ्याचं काम गेलं. तो माझ्यावर चिडला, अजून पुरता बोलत नाही. आठवडाभरानं मी पोलीस ठाण्यात जाऊन नवा जबाब द्यायचा अर्ज दिला. तिथं विचारलं, दोन वर्षं काय करत होता? मी अर्ज टेबलावर पुढं सरकवला. अर्ज घेतलाय. बायडाबाईला फोन करून सांगितलं, तर ती "बरं झालं" म्हणाली, शाबासकी दिली नाही, आणि तेच बरोबर होतं. यातलं काहीही अण्णांना कळणार नाही. उशिरा आलेल्या धैर्याचा काही उपयोग नसतो असं मी म्हणत नाही, पण ज्याच्यासमोर ते दाखवायचं होतं तो माणूस तेव्हा भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेला होता. माझा राग आहे तो माझ्या या उशिरावर.

गाडी गेल्यावर ओसरी मोकळी झाली. मी कॅमेरा डोळ्याला लावला. अण्णांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्यामुळे ते मला ओळखू येईनात. कुणीतरी घाईत दाढी केली होती, डाव्या जबड्याखाली पांढरे खुंट राहिले होते. एका पुतणीनं त्यांची मान सरळ केली तरी ती किंचित उजवीकडं कलत होती. मला वाटलं, आता ही बाजू झाकावी, ती मान धरायला सांगावी. मग मी काहीच सांगितलं नाही. विधी करायला आलेले जंगमस्वामी म्हणाले, आवरा आता, उशीर होतोय. मागून कुणीतरी म्हणालं, झाला की फोटो.

"थांबा," मी म्हटलं. "अजून बघतेय."

सगळे थांबले. उन्हाची तिरीप त्यांच्या गुडघ्यावरून सरकत छातीपर्यंत आली, हारावरची माशी उडाली, परत बसली. माझे डोळे भरून येत होते आणि मी ते पुसत नव्हते, कारण पुसायला कॅमेरा खाली घ्यावा लागला असता. बराच वेळ तसाच गेला. मग ती कललेली मान, ते राहिलेले खुंट, तो हार, ते सगळं मिळून अण्णा दिसायला लागले, आणि मी बटण दाबलं.